ओव्हरचं घराणं

एन-सहा, सिडको, औरंगाबाद
मंगळवार, २२ जून २००४

चि. सौ. आशा, आजीचा हात तुझ्या पाठीवर आहे असं समज आणि वाच.

सौ. मुद्दाम लिहिलंय आणि त्यावरून पेन फिरवून ठळक केलंय. तुझ्या बापाच्या हाती हे पत्र लागणार नाय. मी दुपारी लिहिते, तेव्हा बद्री वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावात असतो. पत्र टाकायला साळूबाईकडं देते. साळूबाई म्हणजे मागच्या गल्लीतली, जिची सून दारात रांगोळी काढते आणि स्वतःच त्यावरून स्कूटी नेते. तुझं उत्तर तिच्याच पत्त्यावर धाड. चंद्रपूरचं ऊन उतरलं का ते लिही. बदलीच्या बँकेत पंखा डोक्यावर आहे का बाजूला, तेही लिही. बाजूचा असला तर मान धरते.

आता बातमी. मी इंग्रजी शिकायला लागले.

हसून घे. साळूबाईची नात इंग्रजी शाळेत जाते, तिचा अभ्यास घरात कोणाला तपासता येत नाय, म्हणून साळूबाई बायकांच्या दुपारच्या वर्गाला जायला लागली. मी म्हटलं, मी बी येते. तुला माहीत आहे माझी शाळा किती. निजामाच्या राज्यात, पोलीस ॲक्शनच्या आधी, गावात उर्दू शाळा होती, तिथं पोरी जातच नव्हत्या. ॲक्शन झाली, मराठी शाळा आली, वैजापूरहून मास्तर आला, आणि मी दुसरीपर्यंत गेले. मग धाकटा भाऊ झाला. त्याला सांभाळायला मला घरी बसवलं, म्हणजे माझं पुढचं शिक्षण त्याच्या दुपट्यात गेलं. तो पुढं तलाठी झाला. त्याचं मला काही नाय, पण तलाठी होऊनही अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे.

घरी मी भजनी मंडळात जाते म्हणून सांगते. पिशवीत टाळ घालून नेते, तेवढा पुरावा.

वर्ग टी.व्ही. सेंटरच्या मागं आहे, भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत. दारावर पाटी आहे. वर आशा, खाली श्रीनिवास. व्हय, तुझ्याच नवऱ्याचा वर्ग. आता खाली बस आणि पुढचं वाच.

तुम्ही कचेरीत जाऊन लग्न केलं त्याला वर्ष होत आलं. त्यांच्याकडं पोथी, आपल्याकडं पेरायची पाभर, हे बद्रीच्या गळी उतरलं नाय. त्या दिवशी त्यानं तुझा पदवीचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला, आणि तेव्हापासून घरात तुझं नाव निघालं नाय. पण खिळा भिंतीत तसाच आहे. तुझी आई त्यावर कॅलेंडर लावायला गेली तर म्हणाला, "राहू दे तो." त्यात काय समजायचं ते मी समजले.

यंदा अधिक श्रावण आहे. धोंड्याचा महिना, जावयाला जेवायला बोलावून अनारशांचं वाण द्यायचा. बद्रीनं श्रीनिवासला ताटावर बसवलं म्हणजे लग्न मानलं, त्याच्यापुढं कोणाला काही बोलायची सोय नाय. आणि हा महिना चुकला तर पुन्हा तीन वर्षं थांबा. तू थांबशील, मी थांबेन का ते सांगता येत नाय. मला बद्रीशी बोलायचंय, पण ज्याला डोळ्यांनी बघितलं नाय त्याच्यासाठी कसं भांडणार? म्हणून बघायला गेले. इंग्रजी वरून मिळालं.

वर्गात मी नाव सांगितलं सरूबाई. त्यानं मला कधी बघितलेलं नाय, तेव्हा तू त्याला काही कळवू नको. माझी शपथ आहे.

आजी


एन-सहा, सिडको
शुक्रवार, २ जुलै २००४

चि. सौ. आशा,

तुझं उत्तर पोचलं. मी असं करायला नको होतं असं तू पहिल्या ओळीत लिहिलंस आणि तो कसा दिसतो, बारीक झाला का, असं शेवटच्या ओळीत विचारलंस. मी शेवटच्या ओळीचं उत्तर देते. बारीक झालाय. भात करपवतो, त्याचा वास वर्गात येतो.

शिकवतो मात्र चांगला. या आठवड्यात एक घराणंच घेतलं. फळ्यावर लिहिलं ओव्हर. म्हणाला, ओव्हर म्हणजे वर, वरून, नाहीतर जास्त, प्रमाणाबाहेर. हा शब्द दुसऱ्या शब्दाच्या पुढं लागतो आणि दोघांचा मिळून एक नवा शब्द होतो. मी म्हटलं, म्हणजे कुंकू. एका घरच्या पाच सुना, कपाळाला एकच कुंकू. कुंकू बघून घर कळतं, स्वभाव कळत नाय. तो खडू धरून तसाच उभा राहिला. मग विचारलं, "आजी, हे मी दुसऱ्या बॅचला सांगू का?" मी म्हटलं सांगा, पण माझं नाव घेऊ नका. नंतर आठवलं, माझं नाव त्याला ठाऊकच नाय.

आशे, आम्ही सगळ्या बायका इतकी वर्षं इंग्रजी बोलत होतो आणि कोणी सांगितलंच नाय. एकीचा नवरा वाळूजला कंपनीत, तिला ओव्हरटाइम माहीत. मला ओव्हरलोड माहीत, बद्रीच्या कांद्याच्या टेम्पोमुळं. साळूबाई पैठणची, ती म्हणाली ओव्हरफ्लो, धरण भरलं की म्हणतात. पुन्हा म्हणाली, म्हणत होते, चार वर्षांत कुठं भरलंय. ओव्हरकोट कोणी सांगितला नाय, औरंगाबादेत घालतो कोण.

हे झाले सरळ स्वभावाचे. वर अधिक पाणी, वर अधिक वेळ, बेरीज केली की अर्थ हातात. पण काही सुना आतल्या गाठीच्या. टेक म्हणजे घेणं, मग ओव्हरटेक म्हणजे वरून घेणं असायला पाहिजे, तर ते निघालं मागून येऊन पुढं जाणं. कम म्हणजे येणं, आणि ओव्हरकम म्हणजे वर येणं नव्हे, अडचणीवर मात करणं. हिअर म्हणजे ऐकणं. ओव्हरहिअर म्हणजे जास्त ऐकणं नाय, आपल्याशी न बोललेलं आपल्या कानावर पडणं. मुद्दाम भिंतीला कान लावला तर तो शब्द चालत नाय म्हणे, सहज पडलं पाहिजे. साळूबाईनं विचारलं, "आणि भिंत पातळ असली तर?" तर चालतो.

सगळ्यात नवल मला ओव्हरसीचं वाटलं. माझ्या लहानपणी रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर यायचा, छत्री घेऊन खुर्चीवर बसायचा, तो शब्द मी तेव्हापासून ओळखते. ओव्हरसी म्हणजे देखरेख करणं. आणि ओव्हरसाइट म्हणजे? मी म्हटलं देखरेखच, साइट म्हणजे नजर. तर ते निघालं बहुतेक वेळा नजरचूक. सख्ख्या बहिणी, एक राखणारी, एक विसरणारी. मला माझी बहीण भागूबाई आठवली. आमच्यातली कोण कुठली ते सांगत नाय.

मी पण त्याला आपलं एक घराणं सांगितलं. आमचे वडील निजामाच्या कचेरीत हेलपाटे घालून शिकलेले शब्द घरी आणायचे. गैरहजर, गैरसमज, गैरसोय, गैरवाजवी. गैर पुढं लागला की चांगला शब्द उलटा होतो. तो म्हणाला हे व्याकरणाच्या पुस्तकात उपसर्ग म्हणून असतं. मी म्हटलं पुस्तकात असेल, आमच्यात जेवताना असायचं.

त्याचा एक नियम आहे. शब्द नुसता पाठ करायचा नाय, त्याचं वाक्य करायचं आणि ते आपल्या घरातलं असलं पाहिजे. खोटं वाक्य लक्षात राहत नाय म्हणतो. मी म्हटलं, माय सन ओव्हरलोड्स द टेम्पो. सगळ्या हसल्या. मला बद्रीचं वाईट वाटलं, म्हणून पुढं जोडलं, माय सन डज नॉट ओव्हरलोड द हमाल. ते खरंच आहे, भरलेली गोणी उचलायला तो दोन माणसं लावतो. सरांनी हमालाला इंग्रजी शब्द सांगितला तो मी विसरले. हमालच बरा.

वर्ग सुटायच्या आधी तो सगळ्यांना पाणी देतो. आत जातो, तांब्या-पेला घेऊन येतो, एकेकीला विचारतो. इथं नळाला दिवसाआड पाणी, तरी रोज विचारतो. बाकीच्या पितात. मी कशी पिणार? लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणी आपल्यात तोंडाला लावत नाहीत. तुझ्या आईनं-बापानं लावायचं नाय, मग मी तर त्यांच्याही वरची. म्हणून मी उपवास सांगते. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. बुधवारी काही सुचेना तर पांडुरंग म्हटलं. साळूबाई हळूच म्हणाली, "अगं, उपवासाला पाणी चालतं." तेवढी एक हुशार बाई वर्गात आहे आणि तीच माझ्या शेजारी बसते.

डाळीच्या डब्यावर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी अजून आहे. आत हरभरा भरलाय. येशील तेव्हा बघ.

आजी


सिडको
बुधवार, १४ जुलै २००४

चि. सौ. आशा,

तुझ्या बापाशी बोलले. सांगते, पण आधी एक. ओव्हरकुक म्हणजे जास्त शिजवणं. हा शब्द तुझ्या नवऱ्यानं शिकवला याला काय म्हणावं?

बद्री मागच्या गुरुवारी जेवायला बसला होता. मी म्हटलं, पुढच्या रविवारपासून अधिक लागतोय. तो म्हणाला, "लागू दे." मी म्हटलं, अनारशाला तांदूळ भिजवावे म्हणते. तुझी आई ताट पुसता पुसता थांबली. तो वर न बघता म्हणाला, "कोणासाठी?"

"धोंड्याचा महिना आहे. ज्याच्यासाठी करतात त्याच्यासाठी."

"आपल्याला जावई नाय, माय."

रागानं म्हणाला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तसं नव्हतं. यार्डात कांदा संपला म्हणून सांगावं तसं म्हणाला, आणि ताकाला मीठ मागितलं. मी मीठ दिलं.

तरी मी तांदूळ भिजवले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी भिजल्या तांदळाचा आंबूस वास घरभर झाला. बद्री बाहेरून आला, वास घेतला, बुटाची नाडी सोडता सोडता विचारलं, "भिजवलेच का?" मी म्हटलं, जावई आला तर जावयाला, नाय आला तर देवळात वाण देईन. तांदूळ काही वाया जात नाय. तो बूट कोपऱ्यात ठेवून हातपाय धुवायला गेला. तुझी आई मात्र आत जाऊन गूळ किसायला बसली, मी सांगितलेलं नसताना. तिला मी वर्गाचं सांगितलेलं नाय. पण काल टाळाची पिशवी तिनंच माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "भजनाला लवकर निघा, आज ऊन आहे."

पीठ आता डब्यात दाबून ठेवलंय. अनारशाचं पीठ मुरलं की बरं होतं, त्याला घाई नाय. महिन्याला मात्र घाई आहे.

वर्गात या वेळी मला वाक्य आलं ओव्हरस्लीपचं. वेळ टळून गेली तरी झोपून राहणं. मी म्हटलं, माय सन डज नॉट ओव्हरस्लीप. तुझ्या नवऱ्यानं विचारलं, का? मी मराठीत सांगितलं, पहिला लिलाव चुकायचा नाय म्हणून अंधारात उठतो, आणि हल्ली लिलाव नसला तरी उठतो, अंगणात खुर्ची टाकून बसतो. हल्ली म्हणजे कधीपासून, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं वर्ष झालं असेल. त्यानं डस्टर उचललं. फळा पुसला आणि पुन्हा तोच शब्द लिहिला.

मला वाटलं विसरला असेल.

आजी


सिडको
मंगळवार, २७ जुलै २००४

चि. सौ. आशा,

तुझा नवरा मला ओळखून होता. कधीपासून, ते ऐक.

काल वर्ग सुटला. साळूबाईला दळण आणायचं होतं, ती पुढं गेली. मी चपला घालत होते, पिशवीतला टाळ वाजला. तो तांब्या घेऊन उभा होता. म्हणाला, "आजी, तुम्हाला पाणी विचारत नाही. तुम्ही घेणार नाही."

मी म्हटलं, सोमवार आहे.

"सोमवार नसता तरी नसतं घेतलं."

मी एका पायात चप्पल अशी उभी राहिले. मग त्यानं सांगितलं ते असं. लग्न झाल्यावर तू त्याला म्हणाली होतीस की माझ्या घरून कोणी आलंच, तर पाणी नको म्हणतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नको, आमच्यात लेकीच्या घरचं घेत नाहीत. व्हय ना? मला तू हे लिहिलं नाय. त्यानं ते ध्यानात ठेवलं. तेव्हापासून दारात जो येईल त्याला पाणी विचारतो. विद्यार्थी, गॅसवाला, लाइटबिल वाटणारा, सगळ्यांना. वर्षभरात सगळे प्याले.

"नको म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या," तो म्हणाला.

आणि आशे, मी पहिल्याच दिवशी नको म्हटलं होतं. म्हणजे मी सरूबाई म्हणून जी काय वाक्यं केली, ओव्हरलोडची, ओव्हरस्लीपची, ती त्यानं सगळी सासऱ्याची म्हणून ऐकली. मी त्याला बघायला गेले आणि तो बसल्या जागी बद्रीला बघत होता.

मला थोडा राग आला, मग हसू आलं. दुसरी चप्पल घातली. म्हटलं, आता ओळख झालीच आहे तर सरळ विचारते, बद्रीनं धोंड्याला बोलावलं तर येशील का? मी त्याला अहो-जाहो करत होते, ते तिथंच सुटलं.

तो म्हणाला, "येईन. पण आधी आशाला बोलवायला सांगा. ती त्यांची लेक म्हणून मी जावई. ती नसताना मी ताटावर बसलो तर कोण म्हणून बसलो?"

 मी पिशवी उचलली आणि पाय पुढं टाकला. दाराशी त्यानं मला नमस्कार केला. माझा हात त्याच्या डोक्यावर गेला, त्यानं तेल लावलेलं नव्हतं. खोबरेल लाव म्हणून सांग.

वर्गात तो मला अजून सरूबाईच म्हणतो. आज म्हणाला, "सरूबाई, ओव्हरड्यू." वेळ कधीचीच होऊन गेली तरी न आलेलं असं काहीतरी. गाडी ओव्हरड्यू, पाऊस ओव्हरड्यू. मी त्याचं वाक्य केलं नाय, डोकं दुखतंय म्हटलं.

बद्रीला काय सांगू ते सुचत नाय. महिन्याचे पहिले आठ-नऊ दिवस गेले. तुझी आई रोज पिठाचा डबा उघडून बघते आणि बंद करते. तू लगेच काही करू नको. फोन करू नको, तो उचलून ठेवेल आणि मग त्याला स्वतःला पुन्हा उचलता येणार नाय. मी त्याला ओळखते, मी वाढवलाय.

आजी


सिडको
मंगळवार, १० ऑगस्ट २००४

चि. सौ. आशा,

पाकिटावरचं अक्षर बघून घाबरली असशील. कोणाला काही झालेलं नाय. सगळे धड आहेत. पत्ता तुझ्या बापानं लिहिलाय.

काल वैजापुरात हमालांचा काही वाद झाला आणि लिलाव थांबले. बद्री दुपारीच परत आला. तुझ्या आईनं सांगितलं, माय भजनाला गेल्यात. त्याला काय वाटलं देव जाणे, म्हणाला उन्हात चालत कशाला येईल, मी घेऊन येतो. आईनं त्याला अडवलं नाय. मी नंतर तिला विचारलं, का गं नाय अडवलंस? ती म्हणाली, "पीठ किती दिवस ठेवायचं?"

देवळात भजन चाललं होतं पण मी नव्हते. साळूबाईची सून तिथं प्रसाद वाटत होती, तिनं भाबडेपणानं पत्ता सांगितला. वर जोडलं म्हणे, "आजी आता लई छान इंग्रजी बोलतात."

मी तेव्हा फळ्यापाशी होते. शब्द होता ओव्हरवर्क. शक्तीपलीकडं राबणं. मी पाठ दाराकडं करून वाक्य जुळवत होते. माय सन ओव्हरवर्क्स. सरांनी विचारलं, व्हाय? मी म्हटलं, बिकॉज इन द हाऊस ही डज नॉट, आणि पुढचा शब्द येईना. करमत नाय याला इंग्रजी काय ते विचारायला वळले तर बद्री दारात उभा.

किती वेळ उभा होता माहीत नाय. ओव्हरहिअर म्हणतात ते हेच, एवढं मात्र त्या वेळी डोक्यात आलं. माणसाच्या डोक्याचं काही खरं नाय.

तो माझ्याकडं बघत नव्हता. दारावरच्या पाटीकडं बघत होता. वर तुझं नाव. वैजापूरहून आलेला, सदऱ्याची पाठ घामानं ओली, ओठ सुकलेले. खोलीतल्या कोणाला मी काही सांगितलं नाय, पण बायकांनी सरकून वाट केली. तुझा नवरा आत गेला आणि तांब्या-पेला घेऊन आला, जसा रोज सगळ्यांसाठी आणतो तसा. पेला भरून पुढं केला. म्हणाला, "पाणी घ्या."

बद्रीनं हात पुढं केला. आशे, त्याला तहान लागली होती, मला दिसत होतं. हात पेल्यापर्यंत गेला आणि तिथून मागं आला.

"नको," तो म्हणाला. "लेकीच्या घरचं..."

आणि थांबला.

वाक्य तिथंच राहिलं. पण तिथं बसलेल्या सगळ्या बायका लेकींच्या आया, पुढचं त्यांना पाठ होतं. साळूबाईनं पदर तोंडाला लावला. मी फळ्याकडं तोंड केलं, कारण पोराचं तोंड तेव्हा बघू नये असं मला वाटलं. वर्षभर ज्याला लेकही नव्हती आणि जावईही नव्हता, त्याच्या तोंडून हे निघालं. ठरवून आला असता तर निघालं नसतं. तहानलेला होता आणि लहानपणापासूनची सवय, म्हणून निघालं.

तुझा नवरा एवढंच म्हणाला, "बरं." पेला टेबलावर ठेवला. पुन्हा घ्या म्हणाला नाय की हसला नाय. मग खुर्ची ओढून दिली. बद्री म्हणाला, उभाच बरा. आणि वर्ग सुटेपर्यंत खरंच उभा राहिला, हात पाठीमागं बांधून, शाळेत तपासणीला आल्यासारखा. माझं अर्धं वाक्य तसंच फळ्यावर होतं. ते त्यानं वाचलं का ते मी विचारलेलं नाय.

 निघताना श्रीनिवासनं वाकून नमस्कार केला. बद्रीनं पाय मागं घेतले नाहीत. बस, एवढंच.

जीपमध्ये माझ्या पिशवीत टाळ वाजत होता. जळगाव रोडला आल्यावर बद्री म्हणाला, "टाळ कशाला घेऊन जायची?" मी म्हटलं, पुरावा. तो समोर बघत होता, पण त्याची मिशी हलली. पुढच्या चौकात एका ट्रकनं आम्हाला मागं टाकलं. मी म्हटलं, ओव्हरटेक. तो म्हणाला, "माहीत आहे मला."  घराच्या वळणावर त्यानं विचारलं, "पीठ ठीक आहे का?"

मी म्हटलं, मुरलंय चांगलं.

"चंद्रपूरहून गाडी किती वाजता पोचते?"

ते मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, तिलाच विचार. फोन त्यानं केला नाय, मी सांगितलं होतं तुला, त्याला उचलता येणार नाय. पण आज सकाळी मी हे पत्र लिहायला घेतलं ते त्याच्या देखत घेतलं, ओसरीवर. त्यानं कांद्याचे भाव वाचून पेपर ठेवला, पाकीट ओढून घेतलं आणि म्हणाला, पत्ता सांग. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. नावाशी आला तेव्हा मी गप्प राहिले. सौ. त्यानं आपल्या मनानं लिहिलंय. पुन्हा एकदा बघ, नीट आहे का. तिथं शाईचा ठिपका पडलाय, म्हणजे पेन थोडा वेळ थांबलं असणार.

तर रविवारी या. पंधरा ऑगस्टची सुट्टीच आहे, दुसऱ्या दिवशी महिना संपतो. तू शनिवारी निघ. श्रीनिवास इथलाच आहे, पण त्याला सांग, तू आल्याशिवाय त्यानं येऊ नये, तुझ्याबरोबरच दारातून यावं. तो तसाही तेच म्हणेल. धोंडे पुरणाचे करणार आहे, अनारसे तुझी आई तळेल, माझा हात आता हलतो. फोटो अजून कपाटातच आहे, खिळा रिकामाच आहे. एका दिवसात सगळं मागू नको.

वर्ग मी सोडणार नाय. सर म्हणाले पुढच्या महिन्यात अंडर. अंडरग्राउंड आणि अंडरलाइन मला आत्ताच येतात.

आम्हाला तुझ्या घरचं पाणी चालत नाय, तुला आमचं चालतं. माठ नवा आणलाय, बद्रीनंच. गाडीत पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नको, तहान राखून ये.

तुझी आजी,
वच्छलाबाई
वर्गातली सरूबाई